स्थानिक पुरस्कार इंग्रजीत कसा सांगावा

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा संप, बोनस, महागाई भत्ता यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. पण आम्ही विषय निवडला तो व्याकरणाचा, आणि तोही इंग्रजी व्याकरणाच्या एका लहानशा कोपऱ्यातला. गावात, तालुक्यात, विभागात किंवा राज्यात मिळालेला पुरस्कार इंग्रजीत लिहावयाचा झाला, तर तो कोणत्या शब्दांनी लिहावा, एवढाच प्रश्न आहे. कामगार संघटनेच्या माणसाने हा उद्योग का करावा, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की संघटनेच्या कचेरीत गाऱ्हाणी घेऊन येणारे जितके असतात, जवळजवळ तितकेच कागद लिहून घ्यावयास येणारेही असतात. मुलीचा नोकरीचा अर्ज, आखाती देशातील कंपनीला पाठवावयाची स्वतःची माहिती, बढतीसाठी केलेल्या कामाचा तपशील, हे सारे इंग्रजीत हवे असते. त्यांतील बहुतेक कागदांत पुरस्कारांची एक ओळ असते, आणि नेमकी तीच ओळ खोटी ठरण्याचा संभव फार. माणूस खोटा नसतो, पुरस्कारही खोटा नसतो. खोटे असतात ते शब्द.

आम्ही इंग्रजी शिकलो ते शाळेत नव्हे, तर औद्योगिक न्यायाधिकरणांच्या निकालपत्रांतून. शेजारी एक जुना कोश उघडा ठेवून. त्यामुळे ‘अवॉर्ड’ हा शब्द आम्हांला प्रथम भेटला तो शाल आणि श्रीफळ घेऊन नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अवॉर्ड म्हणजे कामगार न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने वादावर दिलेला अंतरिम अथवा अंतिम निर्णय. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, पण शब्द आपल्या जागी कायम आहे. बँकांतली जुनी मंडळी १९५३ चा शास्त्री अवॉर्ड आणि १९६२ चा देसाई अवॉर्ड यांची नावे अजून घेतात. धरणाखाली जमीन गेलेला शेतकरी ‘अवॉर्ड झाला का?’ असे तलाठ्याला विचारतो, तेव्हा त्याला मानपत्र नको असते, मोबदला किती ठरला ते हवे असते. कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत अवॉर्ड सांगली-सातारकडच्या श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. १९३२ साली ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी मतदारसंघांबाबत दिलेल्या निर्णयाला मराठीत आपण ‘जातीय निवाडा’ म्हणतो. इंग्रजीत तो ‘कम्युनल अवॉर्ड’च आहे. इतकेच काय, कारखान्याच्या स्थायी आदेशांत कामगाराला शिक्षा देण्याबद्दल जे कलम असते, त्यातही शिक्षा ‘अवॉर्ड’ केली जाते!

हे सगळे विषयांतर वाटेल, पण नाही. या शब्दाच्या पोटात ‘नीट पाहून ठरविणे’ असा अर्थ आहे. तो जुन्या फ्रेंच भाषेतून आला, आणि पहारा या अर्थाचे ‘वॉर्ड’ व ‘गार्ड’ हे शब्द त्याच कुळातले. अर्थात अवॉर्ड म्हटले की कोणीतरी निवाडा करणारा आला, आणि ज्यांच्यामधून निवडले ते लोक आले. ‘प्राइझ’चे कूळ वेगळे; ते ‘प्राइस’शी, म्हणजे किमतीशी, नाते सांगते, आणि शर्यतीत किंवा स्पर्धेत जिंकून जे मिळते त्याला शोभते. ‘रिवॉर्ड’ हा मोबदला. हरवलेले मूल शोधून देणाऱ्यास जाहीर होते ते रिवॉर्ड. मराठीत तिन्हींना ‘बक्षीस’ म्हणून आपण मोकळे होतो. (हा फारसी शब्द इंग्रजीतही गेला, पण तेथे त्याला हमालाच्या हातावर ठेवलेल्या चिरीमिरीचा अर्थ चिकटला, म्हणून तो इंग्रजी अर्जात चुकूनही घालू नये.) कारखान्याच्या फळ्यावर बोनसची नोटीस लागते, तीत ‘रिवॉर्ड’ शब्द दिसला की आम्ही लगेच हरकत घेतो. निवाड्याने किंवा कायद्याने मिळते तो हक्क. रिवॉर्ड म्हटले की त्याला मेहेरबानीचा वास येऊ लागतो.

अवॉर्डला निवाडा करणारा आणि निवडीचे क्षेत्र अशा दोन बाजू आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा घोटाळा समजतो. ‘स्थानिक’, ‘विभागीय’, ‘राज्य’, ‘राष्ट्रीय’ ही विशेषणे कधी निवाडा करणाऱ्याला लागतात, कधी क्षेत्राला लागतात, तर कधी पुरस्कार घेणाऱ्याला. मराठीत ऐकणारा गावचाच असल्यामुळे तो संदर्भाने समजून घेतो. इंग्रजी कागद मात्र अशा माणसाच्या हाती जातो, की ज्याने आपले गाव नकाशावरही पाहिलेले नसते.

प्रथम ‘लोकल’ शब्द घेऊ. हा शब्द मराठी माणसाला लिहावयास नको वाटतो, आणि त्याचे कारण व्याकरणात नाही, बाजारात आहे. आपल्याकडे ‘लोकल माल’ म्हणजे हलका, बिनछापाचा, दोन धुण्यांत विटणारा. तेव्हा ‘लोकल अवॉर्ड’ असे लिहिले तर आपण आपल्याच पुरस्काराची किंमत कमी केली, असे अर्जदाराला वाटते. इंग्रजीत या शब्दाला असा डाग नाही. ‘लोकल’ म्हणजे त्या ठिकाणचे, एवढेच. अमेरिकेतील कामगार संघटना आपल्या शाखेलाच ‘लोकल’ म्हणतात, आणि त्या लोकलचा सभासद असल्याचे अभिमानाने सांगतात. आपल्या मुंबईकरांची लोकलसुद्धा कमी प्रतीची गाडी नव्हे. ती जवळच्या पल्ल्याची गाडी आहे. पुरस्काराचेही तसेच. नगरपालिकेने गावातील उत्तम सफाई कामगाराला दिलेला पुरस्कार जवळच्या पल्ल्याचा असतो, पण तो देणाऱ्यांनी त्या माणसाला रोज पहाटे रस्त्यावर काम करताना पाहिलेले असते. तरीही ‘लोकल’ शब्द नको असेल, तर त्याला एक सोपा पर्याय आहे, आणि तोच अधिक चांगला. विशेषण गाळावे आणि नाव लिहावे. ‘अ लोकल अवॉर्ड’ याऐवजी ‘अ‍ॅन अवॉर्ड फ्रॉम द म्युनिसिपल कौन्सिल’, आणि पुढे गावाचे नाव. नावाने जे सांगता येते ते विशेषणाने कधीच सांगता येत नाही.

यापेक्षा कठीण शब्द म्हणजे ‘विभागीय’. मराठीत ‘विभाग’ हा शब्द किती ओझी वाहतो पाहा. महसुली कारभारासाठी महाराष्ट्राचे सहा भाग पाडले आहेत, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. त्यांना विभाग म्हणतात, आणि त्यांचे इंग्रजी ‘डिव्हिजन’. शासनाचे खाते म्हणजे तेही विभाग, आणि त्याचे इंग्रजी ‘डिपार्टमेंट’. कारखान्यातले फाउंड्री, पेंटशॉप हेही विभागच. आणि भूप्रदेश या सैल अर्थाने, विदर्भ विभाग, मराठवाडा विभाग असे आपण म्हणतो, तेव्हा इंग्रजी शब्द ‘रीजन’ असा येतो. आता ‘विभागीय पुरस्कार’ याचे भाषांतर करावयास बसलेला टंकलेखक कोश उघडतो आणि पहिला शब्द उचलतो. तो बहुधा ‘डिपार्टमेंटल’ असतो. सहाशे-सातशे कामगारांच्या कितीएक कारखान्यांतून निवडून मिळालेले बक्षीस त्या एका शब्दाने पेंटशॉपमधल्या वीस जणांपुरते उरते. शिवाय कचेरीच्या इंग्रजीत ‘डिपार्टमेंटल’ शब्दाच्या मागे बहुधा ‘एन्क्वायरी’ येते! बढतीच्या अर्जात तो शब्द पाहून साहेबाने प्रथम भुवया चढविल्या, तर त्यात साहेबाचा दोष नाही.

‘डिव्हिजनल’ म्हणावे तर तेही नेहमी पुरेसे नाही. रेल्वेत डिव्हिजन हा झोनचा भाग. विभागीय रेल्वे व्यवस्थापकाचे पारितोषिक डिव्हिजनचे, महाव्यवस्थापकाचे झोनचे. नागपूरचीच गोष्ट घ्या. तेथे मध्य रेल्वेचे नागपूर डिव्हिजन आहे, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचेही नागपूर डिव्हिजन आहे, आणि महसुलाचे नागपूर डिव्हिजन आहे ते तिसरेच. एखाद्या गँगमनने ‘नागपूर डिव्हिजनल अवॉर्ड’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याने यांतले कोणते समजावे? ‘सेंट्रल रेल्वे, नागपूर डिव्हिजन’ असे दोन शब्द अधिक खर्चले की काम झाले. तारेचा जमाना केव्हाच संपला. शब्दामागे पैसे पडत नाहीत.

‘रीजनल’ शब्दाचा घेर तर पाहणाऱ्याच्या नजरेप्रमाणे बदलतो. आपण ‘रीजनल’ म्हणतो तेव्हा मनात पश्चिम महाराष्ट्र किंवा खानदेश असतो. दिल्लीची कचेरी ‘रीजनल’ म्हणते तेव्हा तिच्या मनात सबंध पश्चिम भारत असतो. आणि जगाच्या व्यवहारात रीजन म्हणजे खंडाएवढा प्रदेश. राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिकात पाच ‘रीजनल विनर’ असतात, आणि त्यांतला एक रीजन म्हणजे सगळा आशिया! म्हणून परदेशी जाणाऱ्या कागदावर ‘रीजनल अवॉर्ड’ एवढेच लिहिले, तर आपण नकळत फुगवून सांगितले असे होईल. आणि दिल्लीला जाणाऱ्या कागदावर कदाचित कमी करून. दोन्हीकडे उपाय तोच: प्रदेशाचे नाव लिहावे, आणि वाचणारा परका असेल तर किती जिल्ह्यांचा तेही लिहावे.

‘विभाग’ शब्दाची आणखी एक खोड सांगून हे प्रकरण पुरे करतो. निकालात ‘प्रथम पारितोषिक विभागून’ असे असते. त्याचे आम्ही ‘डिव्हायडेड फर्स्ट प्राइझ’ असे झालेले पाहिले आहे. इंग्रजीत ते ‘जॉइंट फर्स्ट प्राइझ’ किंवा ‘शेअर्ड द फर्स्ट प्राइझ’. डिव्हायडेड म्हटले की ढालीचे दोन तुकडे केले असे वाटते.

आता ‘स्टेट’. या एका शब्दाने जितके लोक फसले असतील तितके दुसऱ्या कशानेही नसतील. इंग्रजीत ‘स्टेट’चे दोन अर्थ. एक म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक यांसारखे घटक राज्य. आणि दुसरा म्हणजे शासनसंस्था, राष्ट्राची सत्ता. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदात ‘स्टेट’ने किताब देऊ नयेत असे म्हटले आहे, तेथे हा दुसरा, व्यापक अर्थ आहे. आता एक उदाहरण. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा १९५३ चा चित्रपट. चित्रपटांना भारत सरकारचे पुरस्कार प्रथमच देण्यात आले ते १९५४ साली, आणि संपूर्ण भारतातील सर्वोत्कृष्ट कथाचित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. त्या पुरस्कारांना आज आपण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार म्हणतो. पण त्या काळी त्यांचे इंग्रजी नाव होते ‘स्टेट अवॉर्ड्स फॉर फिल्म्स’. येथे ‘स्टेट’ म्हणजे भारताचे शासन. जुन्या इंग्रजी कात्रणावरून कोणी आज ‘श्यामची आईला राज्य पुरस्कार मिळाला’ असे मराठीत लिहील, तर त्याने देशातले पहिले सुवर्णपदक राज्यापुरते केले असे होईल.

पुढच्याच वर्षीची गोष्ट याहून बोधक आहे. अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला मराठीतील सर्वोत्तम कथाचित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. हा पुरस्कार प्रादेशिक की राष्ट्रीय? देणारे राष्ट्र, पण क्षेत्र मराठी चित्रपटांचे. ‘रीजनल अवॉर्ड’ म्हणावे तर देणारा चुकतो. नुसते ‘नॅशनल अवॉर्ड’ म्हणावे तर तो सर्व भाषांतून पहिला आला असा भास होतो. बरोबर शब्द हे, की ‘नॅशनल अवॉर्ड फॉर द बेस्ट फीचर फिल्म इन मराठी’. ‘नॅशनल’ हे देणाऱ्याला लागले, ‘इन मराठी’ हे क्षेत्राला लागले, आणि कोणाचीही फसवणूक झाली नाही. साहित्य अकादमीच्या पुरस्काराचेही असेच आहे. १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला तो मिळाला. पुरस्कार देणारी संस्था अखिल भारतीय, स्पर्धेचे क्षेत्र मराठी ग्रंथांचे. ‘साहित्य अकादमी अवॉर्ड फॉर मराठी’ असे लिहिले की दोन्ही गोष्टी येतात. उलट ज्ञानपीठ पुरस्कार अखिल भारतीय खरा, सर्व भाषांतून एकाला मिळणारा खरा, पण तो सरकार देत नाही, एक विश्वस्त संस्था देते. ‘नॅशनल’ म्हणजे सरकारी नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

‘राज्यस्तरीय’ या शब्दाचे मात्र आमच्या मनातून फारसे कौतुक नाही. चार मित्रांनी प्रतिष्ठान काढावे, शेजारच्या दोन जिल्ह्यांतून अर्ज मागवावेत आणि फलकावर ‘राज्यस्तरीय’ लिहावे, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. अलीकडे त्याहीपुढे मजल गेली आहे. नोंदणीचे पैसे भरा आणि ‘इंटरनॅशनल’ पुरस्कार हॉटेलात येऊन घेऊन जा. इंग्रजीत ‘स्टेट अवॉर्ड’ म्हटले तर तो राज्य सरकारने दिलेला असे समजले जाते. ‘स्टेट-लेव्हल अवॉर्ड’ म्हटले, मधल्या संयोगचिन्हासह, तर स्पर्धा राज्यभर होती एवढेच. देणारा कोणीही असू शकतो. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत. एकाच्या जागी दुसरा घालणे ही व्याकरणाची चूक म्हणून सुरू होते आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने लबाडी म्हणून संपते.

आणि फेऱ्यांचे काय? राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी निरनिराळ्या केंद्रांवर होते आणि तेथून निवडलेली नाटके अंतिम फेरीला जातात. आमच्या ओळखीचे कितीतरी हौशी नट सांगली केंद्रावरचे अभिनयाचे रौप्यपदक ‘स्टेट ड्रामा कॉम्पिटिशन विनर’ असे लिहून मोकळे होतात. स्पर्धा राज्याची, हे खरे. विनर, हे खरे नव्हे. ‘सिल्व्हर मेडल फॉर अ‍ॅक्टिंग, सांगली सेंटर, प्रिलिमिनरी राउंड’ आणि मग स्पर्धेचे नाव, असे लिहावे. वाचणाऱ्याला नाटक कळत असेल तर सांगली केंद्राची चुरस काय असते तेही त्याला कळेल.

या फेऱ्यांच्या गफलतीने माणसाचे काय होऊ शकते, ते आम्ही एका चौकशीत पाहिले. एका इंजिनिअरिंग कारखान्यातला ऑपरेटर होता. यंत्राचे नुकसान झाले, निष्काळजीपणाचा आरोप आला, आणि नोकरीवरून काढण्यापर्यंत गोष्ट गेली. मघाशी सांगितले की स्थायी आदेशांत शिक्षाही ‘अवॉर्ड’ केली जाते. पण त्याच कलमात असेही असते, की शिक्षा ठरविताना गुन्ह्याच्या गंभीरपणाबरोबर कामगाराचे पूर्वीचे काम कसे होते तेही पाहावे. तेव्हा पूर्वीच्या चांगल्या कामाचा पुरावा म्हणजे अशा माणसाची अर्धी ढाल. या ऑपरेटरच्या गटाने गुणवत्ता मंडळांच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले होते. संस्था देशव्यापी, पण पदक पश्चिम महाराष्ट्राच्या फेरीतले. प्रकरण आमच्याकडे येण्यापूर्वीच त्याने कोर्टाबाहेरच्या एका टंकलेखकाकडून प्रमाणपत्राचे भाषांतर करून चौकशी अधिकाऱ्याला दिले होते, आणि त्यात ‘गोल्ड मेडल, नॅशनल कॉम्पिटिशन’ असे टंकलेले होते. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने उलटतपासणीत एवढेच विचारले, ‘तुमच्या स्पर्धेत गुजरातचे किती गट होते? तामिळनाडूचे किती?’ तो म्हणाला, ‘एकही नाही.’ झाले! त्या क्षणापासून यंत्राचा प्रश्न मागे पडला आणि हा माणूस खरे बोलतो की नाही, हा प्रश्न पुढे आला. त्याचे पदक अस्सल होते. कितीतरी कारखान्यांच्या गटांतून ते मिळाले होते, आणि तेवढे सांगितले असते तरी पुरे होते. पुढे मूळ मराठी प्रमाणपत्र आणि ‘गोल्ड मेडल, रीजनल राउंड, वेस्टर्न महाराष्ट्र’ असे नवे भाषांतर आम्ही दाखल केले, फेऱ्यांची रचना लेखी समजावून दिली, आणि बऱ्याच वादानंतर नोकरी राहिली. एक वेतनवाढ गेली. ती वेतनवाढ निष्काळजीपणाने गेली की ‘नॅशनल’ या एका शब्दाने, हे त्या हुकुमात कोठे लिहिलेले नाही.

आता एका बारीक पण नेहमीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘अवॉर्ड-विनिंग’ हे इंग्रजीतले मोठे सोयीचे विशेषण. ‘अवॉर्ड-विनिंग प्लेराइट’, म्हणजे पुरस्कारप्राप्त नाटककार. पण पुरस्कार स्थानिक आहे हे त्यातच सांगावयाचे झाले तर? ‘लोकल अवॉर्ड-विनिंग प्लेराइट’ असे लिहिले तर स्थानिक कोण, पुरस्कार की नाटककार? इंग्रज वाचक ‘लोकल’ हे नाटककाराला लावील: आमच्या गावचा नाटककार, ज्याला कोठलातरी, कदाचित फार मोठा, पुरस्कार मिळाला आहे. मराठीतही हीच अडचण आहे. ‘स्थानिक पुरस्कारप्राप्त लेखक’ यात समासाच्या बाहेर राहिलेले विशेषण दारात उभ्या पाहुण्यासारखे असते. ते आत कोणाकडे आले आहे ते कळत नाही. काही जण यावर तोड म्हणून ‘लोकली अवॉर्ड-विनिंग’ किंवा ‘रीजनली अवॉर्ड-विनिंग’ असे क्रियाविशेषण करतात. ते इंग्रजीच्या कानाला खटकते. ‘नॅशनली रेकग्नाइज्ड’, ‘लोकली नोन’ हे चालते, कारण ‘रेकग्नाइज्ड’ आणि ‘नोन’ ही सरळ धातुसाधिते आहेत. कोठे ओळखला जातो, या प्रश्नाला ‘लोकली’ हे उत्तर बसते. ‘अवॉर्ड-विनिंग’मध्ये ‘अवॉर्ड’ हे नाम आधीच आत शिरून बसले आहे. आपल्याला विशेषण हवे आहे ते त्या नामाला, आणि क्रियाविशेषण नामाला लागत नाही. तेव्हा समास सोडवावा, हे उत्तम: ‘विनर ऑफ अ लोकल अवॉर्ड’, ‘विनर ऑफ टू रीजनल अवॉर्ड्स’. आपण मराठीत ‘गावच्या पुरस्काराचा मानकरी’ म्हणतो, तसेच हे. षष्ठीचा प्रत्यय साधा दिसतो, पण असल्या वेळी तोच कामाला येतो.

क्रियापदांची गोष्ट थोडक्यात. ‘ही अवॉर्डेड द फर्स्ट प्राइझ’ म्हणजे त्याने पहिले बक्षीस दिले. मिळाले असेल तर ‘ही वॉज अवॉर्डेड द फर्स्ट प्राइझ’. मधला ‘वॉज’ गळाला की स्पर्धक परीक्षक होतो. ‘ही वॉज अवॉर्डेड बाय द कलेक्टर’ हेही अपुरे. काय अवॉर्ड केले ते सांगितलेच पाहिजे. ‘कन्फर’ हे क्रियापद वापरावयाचे तर पुरस्कार कर्त्याच्या जागी आणावा आणि माणसाच्या आधी ‘ऑन’ घालावे; ‘ही वॉज कन्फर्ड विथ’ असे आपल्या वर्तमानपत्रांत दिसते, पण ते अनुकरणीय नव्हे. आणि आपले आवडते ‘यांच्या हस्ते’! मंत्रिमहोदयांच्या हस्ते बक्षीस मिळाले, याचे आपण ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ द मिनिस्टर’ करतो. इंग्रजीत ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ’ याच्या मागे पराभव, छळ, मृत्यू असली मंडळी येतात. परका वाचक दचकतो. मंत्र्यांनी या गरीब माणसाचे काय केले असावे? ‘प्रेझेंटेड बाय’ असे दोन शब्द लिहावेत.

‘उत्तेजनार्थ’ याचे ‘कन्सोलेशन प्राइझ’ हे भाषांतर शाळाशाळांत रुळले आहे. ते चूक म्हणता येणार नाही. पण कन्सोलेशन म्हणजे सांत्वन. आपण मुलाला उत्तेजन देतो आणि इंग्रजीत त्याचे सांत्वन करतो! ‘कमेंडेड’ किंवा ‘हायली कमेंडेड’ हे शब्द त्या प्रमाणपत्राला अधिक न्याय देतात.

पुरस्कार नावाला चिकटविण्याची हौस फार जुनी आहे. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. ते अठराव्या अनुच्छेदाने बंद केलेले किताबच आहेत, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बालाजी राघवन यांच्या या खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले की हे पुरस्कार किताब नव्हेत, म्हणून ते घटनेविरुद्ध नाहीत; पण म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे लावता कामा नयेत. तेव्हा पत्रिकेवर ‘पद्मश्री अमुकअमुक’ छापणे हा गौरव नव्हे, न्यायालयाने सांगितलेल्या मर्यादेबाहेर जाणे आहे. इंग्रजीत ‘रेसिपिअंट ऑफ द पद्मश्री’ असे वाक्यात सांगावे. ‘रेसिपिअंट’ आणि ‘विनर’ यांतला फरकही येथे कळतो: पद्मश्रीची स्पर्धा नसते, म्हणून तेथे विनर नसतो, वक्तृत्व स्पर्धेत विनर असतो. गावोगावच्या ‘समाजभूषण’ आणि ‘कामगाररत्न’ यांनीही हाच नियम पाळला तर पत्रिका लहान छापता येतील.

राहता राहिली पुरस्कारांची नावे. ती भाषांतरित करू नयेत असे आमचे मत आहे. कामगार कल्याण मंडळाचा ‘गुणवंत कामगार’ पुरस्कार ‘बेस्ट वर्कर अवॉर्ड’ म्हणून लिहिला जातो. ‘बेस्ट’ एकच असतो, आणि गुणवंत मात्र दरवर्षी पुष्कळ निवडले जातात. मूळ नाव जसेच्या तसे लिहावे आणि पुढे एका ओळीत अर्थ सांगावा. सालही नीट पाहावे. ‘श्यामची आई’ १९५३ ची आणि पदक १९५४ साली दिलेले, तसाच फरक तुमच्या-आमच्या प्रमाणपत्रांतही असतो. काम एका वर्षाचे, समारंभ दुसऱ्या वर्षी. कागदावर काम केल्याचे साल हवे असेल तर ‘फॉर’ लिहावे, समारंभाचे हवे असेल तर ‘इन’. एखाद्या लेथ चालविणाऱ्याची ओळ मग अशी होईल: ‘गुणवंत कामगार अवॉर्ड, गिव्हन बाय द महाराष्ट्र लेबर वेल्फेअर बोर्ड टु मेरिटोरिअस वर्कर्स’, आणि त्यापुढे साल. ही ओळ थोडी लांब होते खरी. अर्जाच्या छापील चौकटीत ती मावत नसेल, तर वेगळा कागद जोडावा.